बॉल पाऊणभर बाहेर : स्वतः बांधलेल्या विमानातल्या यॉ-ट्रिमचा शोध

विमान दोन आसनी, संपूर्ण ॲल्युमिनियमचं, पंख खाली आणि शेपटीला छोटं चाक असलेलं. इंजिन १६० अश्वशक्तीचं. कॉकपिटमधून पाहिलं तर पुढचा पंखा (प्रोपेलर) घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो. सहा वर्षं रिव्हेट मारून ते मी बांधलं आणि पहिल्या उड्डाणातच लक्षात आलं की नाक सरळ ठेवायला उजवा पाय सतत रडरच्या, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या, हलणाऱ्या पात्याच्या, पेडलवर टेकवून ठेवावा लागतोय. नाकाच्या अशा डावी-उजवीकडे वळण्याला यॉ म्हणतात, आणि पाय न लावता ते सरळ राहील असं जुळवणं म्हणजे यॉ-ट्रिम. विमान तिरकं उडतंय का ते दाखवणारा, पॅनेलवरच्या वाकड्या नळीतला बॉल मध्यापासून स्वतःच्या रुंदीच्या अर्ध्याहून थोडा कमी उजवीकडे होता. डावा पंखही जरा जड वाटत होता, स्टिक, म्हणजे हातातला नियंत्रणाचा दांडा, सोडली की सावकाश खाली जायचा. नवीन विमान आहे, सगळं जुळायला वेळ लागणारच, असं मी मनाशी म्हटलं. चाचणीचे पहिले बारा तास असेच गेले.

खरी कटकट सुरू झाली ती चाकांवर फेअरिंग, म्हणजे हवेचा अडथळा कमी करणारी आवरणं, चढवल्यावर. त्यांना व्हील पँट म्हणतात. १४० नॉटला बॉल पाऊणभर बाहेर गेला आणि डावा पंख आणखी जड झाला. तासाभरानं उजवी पोटरी भरून यायची. आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली. पँट चढवल्यावर वेग जेमतेम ४ नॉट वाढला. माझी अपेक्षा त्याच्या जवळजवळ दुप्पट होती.

सगळे करतात तेच मी केलं. रडरच्या मागच्या कडेला डाव्या बाजूनं बाल्सा लाकडाची ३० सेंटिमीटर लांबीची पाचर चिकटपट्टीनं लावली. डावीकडची पाचर हवेला डावीकडे वळवते, त्यामुळे रडरची मागची कड उजवीकडे ढकलली जाते आणि नाक उजवीकडे येतं. बॉल मध्यावर आला. ११० नॉटला मध्यावर, १४० ला मध्यावर, १६५ लाही जवळपास मध्यावर. मी खूश होतो.

आमच्याकडे एक ज्येष्ठ विमान-अभियंते येतात, त्यांना आम्ही सगळे सर म्हणतो. त्यांना मी सांगितलं, "सर, पाचरीनं काम झालं."

त्यांनी आधी एकच विचारलं, "वेग किती वाढला?"

"वाढला नाही. अर्धा नॉट कमीच झाला असेल."

"मग काम झालेलं नाही. रस्सीखेचीत दोर जागेवर थांबला म्हणून ओढणारे थांबलेत असं होत नाही. तुझ्या विमानाला काहीतरी डावीकडे ओढतंय, पाचर उजवीकडे ओढतेय. दोघांचा जोर तुझ्या इंजिनाच्या खात्यातून जातोय."

ते बोलणं मला पटलं आणि पाचर मला का फसवत होती तेही कळलं. विमानाच्या अंगात कुठेतरी वाकडेपणा असेल, तर त्यानं निर्माण होणारा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. पाचरीचा जोरही वेगाच्या वर्गानंच वाढतो. त्यामुळे दोघं प्रत्येक वेगाला एकमेकांना तंतोतंत काटतात आणि बॉल कुठल्याच वेगाला चुगली करत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तरी धूर दिसेनासा झाल्यामुळे बंब बरोबर ठिकाणी गेला असं वाटत होतं.

पाचर काढली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

आधी बॉलचीच परीक्षा

सरांनी पहिली तपासणी जमिनीवर करायला लावली. शेपटी स्टँडवर उचलून विमान उड्डाणाच्या स्थितीत आणलं. कॅनॉपीच्या, म्हणजे कॉकपिटवरच्या काचेच्या छताच्या, दोन्ही कडांवर आडवी पट्टी टाकून तिच्यावर पाणसळ ठेवली आणि बुडबुडा मध्यावर येईपर्यंत चाकांखाली पातळ पट्ट्या सरकवल्या. विमान आडव्या दिशेनं पूर्ण समतल झालं, तेव्हा बॉल पाव भाग उजवीकडे होता. उपकरणाची उजवी बाजू किंचित खाली बसली होती. पॅनेलमधली भोकं पाडताना माझा हात हललेला असणार.

म्हणजे पाऊणपैकी पाव नुसती मापनाची चूक होती. इतके तास जो बॉल मध्यावर आणायला मी पाय दाबत होतो, तो मध्यावर असताना विमान खरं तर उजवीकडे तिरकं उडत होतं. स्क्रूची भोकं थोडी लांबट करून उपकरण सरळ केलं. दहा मिनिटांचं काम, पण ते न करता हवेत घेतलेली प्रत्येक नोंद खोटी ठरली असती.

काही जण नाकावर किंवा काचेवर लोकरीचा धागा चिकटवून दिशा बघतात. ग्लायडरमध्ये तो अप्रतिम काम करतो. एका इंजिनाच्या, पुढे पंखा असलेल्या विमानात मात्र धागा पंख्याच्या पिळदार झोतात सापडतो आणि झोताची दिशा सांगतो, विमानाची नाही. म्हणून आम्ही सरळ केलेल्या बॉलवरच भरवसा ठेवला.

इंजिन की अंग?

नाक डावीकडे ओढायला दोन प्रकारची कारणं असू शकतात. पहिला प्रकार इंजिनाचा. पंख्याचा झोत धडाभोवती पिळत जातो आणि फिनच्या, म्हणजे शेपटीच्या स्थिर उभ्या भागाच्या, डाव्या अंगावर आदळतो. नाक वर असेल तर खाली उतरणारं, म्हणजे उजवीकडचं पातं जास्त खेचतं. दोन्हींमुळे नाक डावीकडे जातं. म्हणूनच बांधताना फिनची पुढची कड थोडी डावीकडे आणि इंजिन थोडं उजवीकडे बघेल असं बसवतात. दुसरा प्रकार अंगाचा: फिन, रडर, पंख, फेअरिंग यांतलं काहीतरी वाकडं असणं.

हे दोन वेगळे करायचे तर वेग तोच ठेवायचा आणि शक्ती बदलायची. शांत हवेच्या सकाळी मित्राला शेजारी बसवलं. तो नोंदी करत होता. दोन्ही पाय रडरवरून काढून कॉकपिटच्या तळावर, स्टिकनं पंख समतल, आणि बॉल स्थिर होईपर्यंत थांबायचं. सरळ उड्डाणात १४० नॉटला बॉल अर्ध्याहून जरा जास्त उजवीकडे. मग थ्रॉटल पूर्ण मागे घेऊन, नाक खाली करून तोच १४० नॉट राखला, तर बॉल अर्ध्यावर. जवळजवळ हललाच नाही. १६५ नॉटच्या उथळ उतारात तो पाऊणवर गेला. १४० वरून १६५ म्हणजे वेगाचा वर्ग सुमारे १.४ पट होतो, आणि बॉलही तेवढाच सरकला. इंजिन दोषी असतं तर शक्ती काढल्यावर बॉल मध्याकडे आला असता. चढाईत, ८५ नॉट आणि पूर्ण शक्तीवर, बॉल पूर्णपणे बाहेर होता, पण अशा विमानात चढाईत उजवा पाय लागतोच. त्यात शोधण्यासारखं काही नव्हतं.

मित्रानं वहीत एक ओळ लिहिली: "इंजिन नाही. अंग."

आणखी एका गोष्टीची काळजी घ्यावी लागली. जड पंख आणि तिरकं नाक एकमेकांचा वेश घेतात. नाक डावीकडे गेलं की हवा उजवीकडून येते आणि पंखांच्या वर झुकलेल्या कोनामुळे उजवा पंख उचलला जातो. वैमानिकाला वाटतं डावा पंख जड आहे. उलटही तितकंच खरं. डावा पंख खरोखर जड असेल तर तो वर धरायला स्टिक उजवीकडे न्यावी लागते, डावा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा, टोकाकडचा हलणारा भाग) खाली जातो, त्या बाजूचा ओढा, म्हणजे हवेचा अडथळा, वाढतो आणि नाक डावीकडे फिरतं. राइट बंधूंना १९०२ च्या ग्लायडरवर याच उलट्या यॉनं छळलं होतं. शेपटीची स्थिर उभी पाती त्यांनी हलणारी केली आणि पंखांच्या पिळाशी जोडली, तेव्हा ते सुटलं. माझ्या विमानात दोन्ही लक्षणं एकाच बाजूची होती. त्यामुळे पहिलं कुठलं आणि दुसरं कुठलं, हे नुसत्या वाटण्यावरून ठरवणं शक्य नव्हतं. आम्ही ठरवलं की आधी यॉ सोडवायचा. जड पंख मोजायचा तो बॉल पायानं मध्यावर धरूनच.

पँटची फेड

पँट चढवल्यावर बॉल आणखी बाहेर गेला होता, मग संशय त्यांच्यावरच होता. दोन्ही पँट काढून उडवलं, तर १४० ला बॉल पावापेक्षाही कमी. मग एकेक लावून पाहिली. फक्त उजवी पँट: पावापेक्षा किंचित जास्त. फक्त डावी: अर्ध्याच्या जवळ. अशा एका पँटच्या चाचणीत उघडं चाक जास्त ओढा देतं आणि नाक आपल्या बाजूला खेचतं, हे लक्षात ठेवावं लागतं. फक्त उजवी पँट असताना उघडं डावं चाक नाक डावीकडे ओढत होतं, म्हणून तो किंचित जास्तीचा आकडा. फक्त डावी असताना उघडं उजवं चाक आमच्या बाजूनं मदत करत होतं, तरीही बॉल अर्ध्याजवळ होता. म्हणजे डाव्या पँटचा दोष दिसतोय त्याहूनही मोठा होता.

शेपटीला चाक असलेल्या विमानात पुढची चाकं गुरुत्वमध्याच्या पुढे असतात. तिथे बसवलेली पँट म्हणजे नाकाजवळ लावलेलं छोटं रडरच. तिचं नाक डावीकडे वळलेलं असेल तर ती डावीकडे जोर लावते आणि विमानाचं नाकही तिकडेच घेऊन जाते.

मोजायला विमान जॅकवर चढवून चाकं जमिनीपासून मोकळी केली. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि माझी मूळ चूक इथेच सापडली. धडाच्या मध्यरेषेवरून पुढे आणि मागे ओळंबे सोडले, दोन्ही टोकं खडूच्या दोरीनं जोडून फरशीवर मध्यरेषा मारली. मग प्रत्येक पँटच्या नाकावरून आणि शेपटीवरून ओळंबा सोडून मध्यरेषेपासूनचं अंतर मोजलं. उजव्या पँटमध्ये दोन्ही अंतरांत २ मिलिमीटरचा फरक. डाव्या पँटचं नाक शेपटीपेक्षा २० मिलिमीटर बाहेर. पँटची लांबी ७०० मिलिमीटर, म्हणजे कोन दीड अंशाहून जास्त.

मी आठवून पाहिलं. उजवी पँट लावली त्या दिवशी ब्रेकच्या कामासाठी विमान जॅकवरच होतं. डावी लावली दुसऱ्या आठवड्यात, विमान आपल्या चाकांवर उभं असताना. चाकांचे स्प्रिंगच्या पोलादाचे पाय विमानाच्या वजनाखाली फाकतात आणि पिळतातही. जमिनीवर अगदी सरळ लावलेली पँट हवेत पाय मोकळे झाल्यावर वाकडी झाली होती. दोन्ही बाजूंना हीच चूक केली असती, तर दोन्ही पँट उलट दिशांना सारख्या वळल्या असत्या, यॉ एकमेकांत जिरला असता आणि मला फक्त वेग कमी दिसला असता. कदाचित कधी कळलंच नसतं.

चाकांच्या या पायांवरची फेअरिंगही याच वेळी तपासली. फेअरिंगच्या पुढच्या कडेला दोरा वेढून दोन्ही टोकं मागे ताणून नेली की ती जिथे भेटतात, ती जागा फेअरिंग कुठे बघतेय ते सांगते. त्या जागेवरून ओळंबा सोडून मध्यरेषेपासूनचं अंतर पायाजवळच्या अंतराशी ताडून पाहायचं. दोन्ही ठीक होत्या.

डाव्या पँटची भोकं फायबरग्लासनं बुजवली, विमान जॅकवर ठेवूनच नवी पाडली. पुढच्या उड्डाणात १४० ला बॉल पावापेक्षा कमी होता. त्याच उंचीवर, त्याच शक्तीवर, चार दिशांना उडून जीपीएसचा सरासरी वेग घेतला, तर आधीपेक्षा ३ नॉट जास्त. इतके दिवस हरवलेला वेग तिथे होता. मी विमानातून उतरलो तो थेट सरांना फोन लावायला.

जड पंख

आता बॉल पायानं मध्यावर धरून डावा पंख मोजायचा होता. त्याआधी एक साधा हिशोब. मी एकटा बसलो की माझं ८० किलो वजन मध्यरेषेपासून २८ सेंटिमीटर डावीकडे असतं. म्हणजे सुमारे २२ किलो-मीटरची झुकवण. टाकीतलं पेट्रोल लिटरला साधारण ०.७२ किलो भरतं आणि टाकीचा मध्य १.१ मीटरवर आहे. उजव्या टाकीत २८ लिटर जास्त असेल तर माझं वजन जवळपास काटलं जातं. चाचणीआधी टाक्या तशाच भरल्या. एवढं न करता जड पंखाच्या मागे लागणारे आपल्याच पोटाचा दोष पंखाच्या माथी मारतात.

वजनाचा दोष आणि अंगाचा दोष वेगानं ओळखता येतो. वजनाची झुकवण वेग वाढला तरी तेवढीच राहते, म्हणून कमी वेगाला जास्त जाणवते. पंखाच्या आकाराचा दोष वेगाबरोबर वाढतो. स्टिक सोडून १० अंश कल व्हायला किती सेकंद लागतात ते मोजलं. ८० नॉटला पंख जवळजवळ जागेवरच. १५० ला ५ सेकंद. दोष अंगात होता.

एलेरॉन स्टिक मध्यावर असताना पंखटोकाच्या साच्याशी जुळत होते. पंखांच्या बसवण्याचा कोन डिजिटल लेव्हलनं मोजला, फरक ०.१ अंश, सोडून द्यावा असा. फ्लॅपपाशी, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या धडाजवळच्या हलणाऱ्या भागापाशी, सापडलं. पूर्ण वर असताना डाव्या फ्लॅपची मागची कड रेषेपेक्षा ३ मिलिमीटर वर होती. त्या बाजूची उचल तेवढी कमी. जोडदांड्याचं टोक अर्धा फेरा फिरवून फ्लॅप रेषेत आणला, लॉकनट पुन्हा आवळला. ५ सेकंदांचे १२ झाले.

उरलेलं काम एलेरॉनच्या मागच्या कडेवर. पत्रा दुमडून बनवलेली ही कड फुगीर राहिली असेल तर एलेरॉन हवेत कमी वर तरंगतो. ती थोडी दाबून चपटी केली की तो किंचित वर तरंगतो आणि त्या बाजूची उचल कमी होते. म्हणून जड पंखाचा नाही, हलक्या पंखाचा एलेरॉन दाबायचा. माझ्या बाबतीत उजवा. पुष्कळ जण इथे उलटं करतात आणि जड पंख आणखी जड करून बसतात. दोन लाकडी पट्ट्यांमध्ये कड धरून पत्रा दुमडायच्या पक्कडीनं १५ सेंटिमीटर हलकेच दाबलं, उडवलं, आणखी १५ दाबलं, पुन्हा उडवलं. घाई केली नाही, कारण दाबलेली कड परत उघडणं फार कष्टाचं असतं. तिसऱ्या उड्डाणात स्टिक सोडून मिनिटभर पंख तसेच राहिले. आणि बॉलही आणखी थोडा आत आला, कारण आता उजवीकडे धरून ठेवलेली स्टिक नव्हती.

पिच ट्रिमचा, म्हणजे नाकाच्या वर-खाली होण्याच्या जुळणीचा, भाग फारसा नाट्यमय नाही. शेपटीवर छोटा कॅमेरा लावून पाहिलं, तर प्रवासाच्या वेगाला एलिव्हेटर, म्हणजे शेपटीचा आडवा हलणारा भाग, त्याच्या पुढच्या स्थिर भागाच्या, स्टॅबिलायझरच्या, रेषेखाली ४ मिलिमीटर होता. स्टॅबिलायझरखाली पाचर घालायचा मोह झाला. पण शेजारी मित्र आणि मागे सामान असताना गुरुत्वमध्य मागे जातो आणि ही रेषा बदलते, एलिव्हेटरवरची छोटी हलणारी पट्टी, म्हणजे ट्रिम टॅब, दोन्ही वेळा आपल्या मर्यादेत राहतो. तिथे हात लावला नाही.

उरलेला बॉल

शेवटी १४० ला साधारण एक-अष्टमांश बॉल उजवीकडे राहिला. हा इंजिनाचा वाटा, आणि यासाठी पाचर योग्यच. ८ सेंटिमीटरची बाल्साची पाचर पुरली. इंजिनाचा जोर वेगाच्या वर्गानं वाढत नाही, म्हणून अशी पाचर कुठल्यातरी एकाच वेगाला बरोबर बसते. मी प्रवासाचा वेग निवडला. चढाईत अजून उजवा पाय लागतो, शक्ती काढून उतरताना बॉल किंचित डावीकडे जातो, आणि ते तसंच असायला हवं.

तात्पुरती पाचर लावलेली असताना मी वेग वरच्या मर्यादेपासून बराच खाली ठेवला आणि प्रत्येक उड्डाणाआधी चिकटपट्टी नखानं तपासली. तिच्या जागी कायमचा ॲल्युमिनियमचा टॅब बसवल्यावर रडर उतरवून त्याचा वजन-समतोल पुन्हा मोजला. बिजागरीच्या मागे वाढलेले थोडे ग्रॅमही फडफड, म्हणजे फ्लटर, जवळ आणतात. याबाबतीत मला कुठलीही तडजोड मान्य नाही. समतोलाच्या वजनात थोडी भर घालावी लागली, ती घातली.

आता टायर किंवा ब्रेक पॅड बदलायला पँट काढली की विमान जॅकवर जातं, ओळंबे सुटतात, फरशीवर खडूची रेषा पडते. चारही मापं लॉगबुकात लिहून ठेवली आहेत. गेल्या वेळी डावीत फरक २ मिलिमीटर होता.